उघडणारा हात : ड्युपुट्रेनचा विकार आणि प्रस्तरारोहण

प्रस्तरारोहणात हाताचे काम मुख्यतः बोटे मिटण्याचे असते. कड्यावरची खाच, कंगोरा किंवा भोक धरताना बोटे कमीअधिक वाकलेलीच असतात आणि वर्षानुवर्षांच्या सरावातून कमावलेली ताकद जवळजवळ सगळी बोटे वाकवणाऱ्या स्नायूंची असते. ड्युपुट्रेनचा विकार मात्र हाताची उघडण्याची क्षमता हळूहळू काढून घेतो. त्यामुळे हा विकार जडलेला आरोहक बराच काळ पूर्वीच्याच जोमाने चढत राहतो, पकड शाबूत आहे म्हणजे हात शाबूत आहे असे धरून चालतो, आणि अडचण प्रत्यक्ष कड्यावर जाणवू लागते तोवर उपचाराने सहज परत मिळाले असते असे बरेच काही गेलेले असते. या विकारासंबंधीचे आरोहकांचे बहुतेक गैरसमज या विसंगतीतून निघतात, आणि उपचाराची वेळ चुकण्याचे मुख्य कारणही तेच आहे.

तळहाताच्या कातडीखाली, बोटे वाकवणाऱ्या स्नायुरज्जूंच्या वर, तंतुमय ऊतीचा पंख्याच्या आकाराचा एक थर असतो, त्याला तळहाताची प्रावरणी म्हणतात. मनगटाकडून निघून बोटांच्या मुळांशी फाकणारा हा थर कातडीला खालच्या भागाशी बांधून ठेवतो. मुठीत धरलेल्या वस्तूवर जोर दिला तरी तळहाताची कातडी हाताच्या पाठीवरच्या कातडीसारखी सरकत नाही, ती या बांधणीमुळे. ड्युपुट्रेनच्या विकारात या थरात मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी वाढू लागतात. या पेशी तंतू तयार करतात आणि त्याच वेळी स्नायुपेशींप्रमाणे आकसूही शकतात. जखम भरून येताना तिच्या कडा जवळ ओढण्याचे काम शरीरात त्याच करतात आणि जखम भरली की एरवी नाहीशा होतात. येथे मात्र उघड जखम नसताना त्या येतात आणि ठाण मांडतात. ड्युपुट्रेनच्या ऊतीत त्यांचे अस्तित्व गॅबियानी आणि मायनो या संशोधकांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, आणि हा विकार केवळ जुनाट घट्ट्यासारखा निर्जीव नसून पेशींच्या चालू कामातून घडणारा आहे, ही समज तेव्हापासून पक्की झाली.

विकाराच्या वाटचालीचे तीन टप्पे लक या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९५९ मध्ये मांडले आणि ते आजही उपयोगी पडतात. पहिल्या टप्प्यात तळहातावर, बहुधा अनामिकेच्या किंवा करंगळीच्या रेषेत, वाटाण्याएवढी गाठ येते. तिच्यात पेशींची दाटी असते आणि ती कधीकधी दाबल्यावर दुखते. दुसऱ्या टप्प्यात पेशी ताणाच्या दिशेने रांगेत लागतात आणि ऊती आकसू लागते. तिसऱ्या टप्प्यात पेशी विरळ होऊन मागे उरते ती कोलॅजनची कठीण दोरी, जी कातडीखाली बोटाने चाचपता येते आणि बोटाला तळहाताकडे ओढून धरते. ही विभागणी केवळ अभ्यासकांच्या सोयीची नाही. पेशींवर काम करणारे औषध किंवा किरणोपचार यांना अर्थ असलाच तर तो पहिल्या टप्प्यात असतो आणि सुई किंवा सुरी यांचे काम दोरी तयार झाल्यावरच सुरू होते. एका टप्प्याचा उपाय दुसऱ्या टप्प्यात मागणे हे या विकारात वारंवार घडते.

विकाराला ज्याचे नाव मिळाले तो गियोम ड्युपुट्रेन हा पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक होता. त्याने १८३१ मध्ये एका मद्यव्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया केली आणि त्याच वर्षी व्याख्यान देऊन दोष स्नायुरज्जूंत नसून प्रावरणीत आहे, असे प्रतिपादन केले. लंडनच्या हेन्री क्लाइन यांना शवविच्छेदनातून हे १७७७ मध्येच दिसले होते आणि त्यांचे शिष्य अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ मध्ये बारीक पात्याने कातडीखालूनच ती दोरी छेदण्याची शिफारसही केली होती, पण इतिहासाने नाव ड्युपुट्रेनचे जपले. आजच्या चर्चेशी संबंधित गोष्ट मात्र वेगळीच आहे. पिंपे उचलणारा मद्यव्यापारी आणि चाबूक मुठीत धरणारा गाडीवान हे रुग्ण पाहून ड्युपुट्रेनने विकाराचे कारण हातावर पुन्हापुन्हा येणाऱ्या दाबात शोधले. हाताचे कष्ट या विकाराला जन्म देतात काय, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकात रेंगाळत आहे आणि प्रस्तरारोहकांनी तो नव्याने विचारला आहे.

प्रश्नाच्या एका बाजूला आनुवंशिकता आहे आणि तिचे पारडे जड आहे. डेन्मार्कमधील जुळ्या भावंडांच्या २०१५ मधील अभ्यासात या विकाराच्या प्रवृत्तीतील सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक असल्याचे आढळले. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत, त्यातही पुरुषांत आणि पन्नाशीनंतर, त्याचे प्रमाण ठळक आहे, म्हणून त्याला लोकभाषेत ‘व्हायकिंग रोग’ म्हटले जाते. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याच्या जोखमीच्या काही महत्त्वाच्या जनुकखुणा निअँडरथल मानवाकडून आल्याचे दाखवले आणि व्हायकिंगांची कथा बरीच मागे पडली. मधुमेह, मद्यपान आणि धूम्रपान यांच्याशीही संबंध नोंदला गेला आहे. दुसऱ्या बाजूला कष्टांचा पुरावा आहे. कंप पावणारी हत्यारे वर्षानुवर्षे हाताळणाऱ्या कामगारांत विकाराचे प्रमाण अधिक आढळल्याने ब्रिटनमध्ये २०१९ पासून अशा कामगारांसाठी तो व्यवसायजन्य आजारांच्या सरकारी यादीत घेतला गेला.

आरोहकांविषयीचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास २००५ मध्ये ब्रिटनमधील एका क्रीडावैद्यक नियतकालिकात आला. तेथील एका जुन्या आरोहक मंडळाच्या सदस्यांना प्रश्नावली पाठवून मिळालेल्या उत्तरांवर तो आधारलेला होता. उत्तरे देणाऱ्या पुरुष आरोहकांपैकी १९.५ टक्क्यांत हा विकार आढळला, सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत तो कमी वयात सुरू झालेला दिसला आणि आयुष्यभरात अधिक तीव्रतेने चढलेल्यांत त्याचे प्रमाण जास्त होते. हे आकडे लक्ष वेधणारे आहेत, पण ते वाचताना दोन गोष्टी विसरता कामा नयेत. ज्याच्या हाताला काही झाले आहे तो अशा प्रश्नावलीला उत्तर देण्याची शक्यता अधिक असते. आणि ब्रिटनमधील जुन्या मंडळाचा सदस्यवर्ग बराचसा त्याच वंशाचा आणि वयाचा असतो, ज्यात हा विकार एरवीही भरपूर दिसतो. म्हणून त्या अभ्यासातून निघणारा वाजवी निष्कर्ष एवढाच, की प्रवृत्ती अंगात असलेल्या माणसात तीव्र आरोहणामुळे विकार लवकर उघड होत असावा. प्रवृत्ती नसलेल्या हातात आरोहणामुळे तो निर्माण होतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. तसेच आरोहण थांबवल्याने सुरू झालेला विकार थांबतो, याला पुरावा नाही, आणि केवळ या भीतीने चढणे सोडायला लावणारा सल्ला माणसाकडून त्याच्या आयुष्यातील मोठी गोष्ट विनाकारण काढून घेतो.

सुरुवातीच्या गाठीचे पुढे काय होईल, हे सांगणे कठीण असते. केवळ गाठी असलेल्या ५९ रुग्णांच्या अमेरिकेतील एका पाठपुराव्यात, सरासरी पावणेनऊ वर्षांनंतर सुमारे निम्म्यांत गाठीची दोरी झाली होती, काहींत गाठ उलट मऊ पडली होती आणि शस्त्रक्रियेची वेळ आलेले दहातील एकाहूनही कमी होते. मात्र विकार लहान वयात सुरू होणे, दोन्ही हातांत असणे, घराण्यात असणे आणि हाताबाहेरही तशाच गाठी येणे ही जोमदार विकाराची लक्षणे मानली जातात. बोटांच्या मधल्या सांध्यांवर पाठीकडून येणाऱ्या जाड गाद्या आणि तळपायातील गाठी हे त्यातले दोन नेहमीचे प्रकार. आरोहकाला हे दोन्ही प्रकार चांगलेच जाणवतात, कारण पहिला कातळाच्या भेगेत हात घालताना सोलवटतो आणि दुसरा घट्ट बुटांत पायाला टोचतो.

निदानात घाई करू नये, कारण आरोहकाच्या हाताला वाकलेले बोट आणणारी इतरही कारणे असतात. बोटांच्या हाडांवरून स्नायुरज्जू धरून ठेवणारे तंतुमय कडे तुटणे ही आरोहकांची खास दुखापत आहे. मधल्या सांध्याच्या आवरणाला वारंवार सूज आल्याने किंवा सांधा झिजल्याने बोट पूर्ण सरळ न होणे हे अनेक वर्षे चढलेल्यांत सर्रास दिसते. आणि ट्रिगर फिंगर या विकारात वाकलेले बोट अडकून खटकन सुटते. ड्युपुट्रेनची ओळख यांहून निराळी आहे. त्यात दुखणे नसते किंवा थोडे असते, तळहाताची कातडी जागोजागी आत ओढली जाऊन खळगे पडतात, आणि बोट सरळ करू लागल्यावर दोरी ताणलेली दिसते. सुरुवातीच्या गाठीला घट्टा समजून सुरीने किंवा पॉलिशपेपरने घासणे ही आरोहकांची नेहमीची चूक आहे. घट्टा कातडीत असतो आणि कातडीबरोबर हलतो, गाठ कातडीखाली असते आणि जागची हलत नाही.

देखरेखीसाठी ऑस्ट्रेलियाचे हस्तशल्यचिकित्सक जॉन ह्यूस्टन यांची मेजाची चाचणी पुरते. हात पालथा करून मेजावर टेकवावा; तळवा आणि बोटे एकाच वेळी सपाट टेकत असतील तर थांबता येते, बोट आणि मेज यांच्यात फट राहू लागली तर तज्ज्ञाला हात दाखवण्याची वेळ झाली. ही फट कागदावर नोंदता येते. हात कडेवर उभा ठेवून, म्हणजे करंगळीची बाजू कागदावर टेकवून, बोटे होतील तेवढी सरळ करावीत, पेन्सिलीने बाह्यरेषा काढावी आणि तारीख घालावी. सहा महिन्यांनी त्याच कागदावर दुसरी रेषा काढली की फरक डोळ्यांना दिसतो. कड्यावरची पकड हे मोजमाप नव्हे, हे आरोहकाने मनाशी पक्के केले पाहिजे. करंगळी तीस अंश वाकलेली राहिली तरी बारीक कंगोरा पूर्वीइतक्याच ताकदीने धरता येतो आणि म्हणूनच कंगोरा काहीच सांगत नाही.

वाट पाहण्याची किंमत कोणत्या सांध्यावर पडते, हा या विषयातला कळीचा मुद्दा आहे. बोटाच्या मुळाचा सांधा वाकून बसला तरी त्याच्या बाजूचे बंध वाकलेल्या स्थितीत ताणलेले राहतात, त्यामुळे दोरी उशिरा छेदली तरी तो सांधा बहुधा सरळ होतो. मधल्या सांध्याची गोष्ट उलटी आहे. तो वाकून राहिला की त्याचे बंध आणि तळहाताकडील आवरण आखूड होत जाते, आणि दोरी काढल्यावरही सांधा अडलेलाच राहतो. म्हणून मुळाच्या सांध्यात साधारण तीस अंशांपर्यंत थांबण्यास हरकत नसते, पण मधला सांधा वाकू लागताच सल्ला घ्यावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. दुर्दैवाने आरोहक मधल्या सांध्याच्या वाकण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष करतो, कारण बोटे तिथेच वाकवून चढण्याची त्याला सवय असते आणि थोडे वाकलेले बोट त्याला जुन्या दुखापतीची आठवण वाटते.

कड्यावर विकार सर्वप्रथम जाणवतो तो उघडा हात लागणाऱ्या ठिकाणी. गोलसर, उताराच्या पृष्ठभागावर तळवा पसरून घर्षणाने टिकताना वाकलेली करंगळी पृष्ठभागापासून सुटते आणि टेकलेले क्षेत्रफळ घटते. कपारीच्या काठावर तळवा दाबून शरीर वर ढकलताना दोरीच कातळ आणि हाड यांच्यामध्ये चिरडली जाते. सर्वांत मोठी अडचण भेगांच्या चढाईत येते, कारण भेगेत हात आधी सपाट सरकवावा लागतो आणि मग अंगठा तळव्याकडे वळवून तो आत फुगवायचा असतो. आत शिरतानाच बोट आड आले तर पुढचे तंत्र सुरूच होत नाही. उलट दोन बोटांच्या भोकांत करंगळी एरवीही मिटून तळव्याशी घेतलेली असते, तेथे काही बिघडत नाही. एखाद्या आरोहकाला उपचार कधी हवा, हे म्हणूनच तो कोणत्या प्रकारचा कातळ चढतो यावरही ठरते.

उपचारांपैकी सर्वांत हलका उपाय सुईचा आहे, जो पॅरिसच्या संधिवाततज्ज्ञांनी १९७० च्या दशकात रूढ केला आणि जो तत्त्वतः कूपरच्याच शिफारशीचे सूक्ष्म रूप आहे. तळव्याची कातडी तेवढ्यापुरती बधिर करून इंजेक्शनच्या सुईच्या तिरप्या टोकाने दोरी जागोजागी आडवी कातरली जाते. बोटाच्या टोकाची संवेदना मुद्दाम शाबूत ठेवलेली असते, आणि टोकाला मुंग्या आल्या की सांगावे असे रुग्णाला बजावलेले असते, कारण मुंग्या येणे म्हणजे सुई नसेजवळ पोहोचणे. मग डॉक्टर बोट हळूहळू सरळ करतात आणि उरलेले तंतू कधीकधी ऐकू येईल अशा आवाजाने तुटतात. जखम दोन-चार दिवसांत भरते आणि काही दिवसांत हात पुन्हा सौम्य कामाला लागतो. दोरी मात्र आतच राहते. नेदरलँड्समधील तुलनात्मक चाचणीत पाच वर्षांनंतर सुईनंतर सुमारे ८५ टक्के, तर दोरी कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे २१ टक्के रुग्णांत विकार परतलेला आढळला. या आकड्यांनी सुई निरुपयोगी ठरत नाही. तीन महिने हात बाजूला ठेवण्यापेक्षा काही वर्षांनी पुन्हा सुई घेणे एखाद्या आरोहकाला अधिक परवडू शकते, आणि तो त्याचा विचारपूर्वक केलेला निर्णय असू शकतो.

दोरी विरघळवणारे कोलॅजिनेज हे विकर अमेरिकेत २०१० मध्ये मान्य झाले आणि त्याने मोठ्या आशा जागवल्या. मूळ चाचणीतच काही थोड्या रुग्णांत स्नायुरज्जू तुटल्याची नोंद होती. ज्याच्या बोटांतील स्नायुरज्जू आणि त्यांची कडी आधीच ताणाखाली असतात अशा आरोहकाने ही नोंद गंभीरपणे घ्यावी. पुढे युरोपच्या बाजारातून हे औषध व्यापारी कारणांनी मागे घेतले गेले, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत ते शस्त्रक्रियेच्या तोडीचे ठरले नाही.

शस्त्रक्रियेत विकृत प्रावरणी कापून काढली जाते आणि विकार वारंवार परतत असेल तर वरची कातडीही काढून तेथे दुसरीकडची कातडी बसवली जाते. परिणाम अधिक टिकाऊ असतो, पण आरोहकाने त्याची किंमत आपल्या मापाने मोजायला हवी. मधल्या सांध्याकडे जाणारी दोरी कधीकधी बोटाच्या नसेला वेटोळे घालून तिला मध्यरेषेकडे आणि कातडीच्या जवळ ओढते, त्यामुळे तीच नस सुरीच्या वाटेत येते. बैठे काम करणाऱ्या माणसाला करंगळीच्या अर्ध्या टोकाचा बधिरपणा किरकोळ वाटेल; बोटाच्या टोकाने कातळाचा खडबडीतपणा ओळखून त्यावर शरीराचा भार सोडणाऱ्याला तो वीस अंशांच्या वाकलेपणापेक्षा महाग पडू शकतो. दुसरा धोका याहून कमी बोलला जातो : शस्त्रक्रियेनंतर हात सुजून ताठरला तर बोट सरळ होते पण पूर्ण मिटत नाही, आणि आरोहकाचे सगळे भांडवल तर मिटण्यातच असते. त्यामुळे बोट पूर्ण सरळ करण्याचा हट्ट न धरता उपयोगी मर्यादेपर्यंत सरळ करण्यावर समाधान मानणारा शल्यचिकित्सक त्याच्यासाठी अधिक चांगला, आणि हे संभाषण शस्त्रक्रियेच्या आधीच व्हायला हवे.

विकार पहिल्या टप्प्यातच रोखण्याचे दोन मार्ग चर्चेत आहेत. जर्मनीत रुजलेल्या किरणोपचारात सहसा एकूण ३० ग्रे मात्रा दोन फेऱ्यांत, मध्ये काही आठवडे सोडून, दिली जाते. तेथील दीर्घ पाठपुराव्यांत केवळ गाठी असलेले बहुतेक हात स्थिर राहिलेले दिसतात; पण अशा गाठींपैकी पुष्कळशा उपचाराविनाही स्थिर राहतात, हे वर आलेच आहे. तळव्याची कातडी कायमची कोरडी पडणे हा त्याचा ज्ञात परिणाम आहे, आणि तरुण वयात किरणांच्या दूरगामी धोक्याचाही विचार करावा लागतो. दुसरा मार्ग अडालिमुमॅब या औषधाचा आहे. ते सूज वाढवणाऱ्या एका रेणूला अडवते आणि संधिवातात पूर्वीपासून वापरले जाते. गाठीतच दर तीन महिन्यांनी त्याचे इंजेक्शन दिल्यास गाठ मऊ आणि लहान होते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. बोट वाकणे त्यामुळे टळते किंवा लांबते हे दाखवणे अजून बाकी आहे, तरीही विकाराच्या पेशींवर नेमके बोट ठेवणारा हा पहिला उपाय असल्याने त्याकडे आशेने पाहण्यास जागा आहे. बोट जोर लावून ताणणे, मालिश आणि रात्रीची पट्टी यांवर मात्र बराच वेळ खर्च होतो. इंग्लंडमधील १५४ रुग्णांच्या २०११ मधील चाचणीत शस्त्रक्रियेनंतर सर्वांना सरसकट रात्रीची पट्टी देण्याचा फायदा आढळला नाही. बोटे सौम्यपणे उघडण्याचा व्यायाम आरोहकाने करावाच, पण तो मिटणाऱ्या स्नायूंना उतारा म्हणून; दोरी त्याने लांबत नाही.

भारतात हा विकार युरोपच्या मानाने विरळ आहे, आणि सह्याद्रीत चढणाऱ्या आरोहकाच्या तळव्यावर गाठ आली तर मधुमेहाची तपासणी प्रथम करावी. मधुमेहात होणारा ड्युपुट्रेन बहुधा सौम्य असतो आणि करंगळीपेक्षा मधले बोट व अनामिका यांना अधिक धरतो. त्याच्याच जोडीला मधुमेहामुळे सर्व बोटांचे सांधे ताठरण्याचा एक वेगळा विकारही असतो, आणि तो ओळखण्याची खूण आपल्या रोजच्या व्यवहारात आहे : नमस्कारासाठी हात जोडले असता दोन्ही हातांची बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत, मध्ये फट राहते. तेथे दोरी नसते, म्हणून छेदण्यासारखे काही नसते आणि रक्तातील साखर ताब्यात आणणे हाच पहिला उपाय ठरतो.

उपचारानंतर कड्यावर परतण्याचा क्रम हाताच्या जखमेवर ठरतो, तारखेवर नव्हे. सुईनंतर कातडी पूर्ण जुळेपर्यंत जोराची पकड टाळली जाते. शस्त्रक्रियेनंतर टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, पण व्रणाखालची ऊती पुढे काही महिने कठीण आणि हळवी राहते, आणि पूर्ण भार देण्यास सहसा सहा ते बारा आठवडे जातात. आधी मोठ्या, हातात भरणाऱ्या पकडी, मग कंगोरे आणि सर्वांत शेवटी भेगा व तळवा दाबण्याच्या जागा, हा क्रम व्रणाला सोयीचा पडतो, कारण त्यात व्रणावर थेट दाब सर्वांत उशिरा येतो. मेजाच्या चाचणीचा जुना कागद या वेळी बाजूला ठेवावा लागतो. सूज ओसरल्यावर, सुमारे तीन महिन्यांनी, नव्या कागदावर हाताची बाह्यरेषा काढली जाते, आणि विकार परतला की नाही हे त्या रेषेवरून पाहिले जाते.